लग्न १२ वाजून ३५ मिनिटांनीच लावा

बालमित्रांनो, आणि शाळेत आलात की हे भित्तिपत्रक वाचायला थांबणाऱ्या पालकहो,

गेल्या वैशाखात माझ्या ताईचे लग्न झाले. मांडव, बुंदी, पाठवणीचे रडणे, हे सगळे आपण निबंधात लिहितोच. मला आज निराळे सांगायचे आहे.

पत्रिकेवर मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा छापला होता. अक्षता पडल्या तेव्हा मामाच्या घड्याळात पावणेतीन झाले होते. मी दोनदा बघितले.

मारुतीचे देऊळ आमच्या मांडवापासून तीन मिनिटांवर आहे. तेवढे अंतर यायला परण्याला दीड तास लागला. डीजेपुढे नाचणारे हलेचनात. बरे, नवरदेव तरी खूश असावा, तर तोही घोड्यावर उन्हात घामाघूम झाला होता. मग माईकवर सत्कार सुरू झाले. टोपी, टॉवेल, नारळ. त्यानंतर आशीर्वादाची भाषणे. एका पाहुण्यांनी तर ताईचे नावच चुकवले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या!

माझ्या आजीला शुगर आहे. सकाळची गोळी घेऊन ती पुढच्या रांगेत बसली होती. "नातीवर अक्षता पडल्याशिवाय घास घेणार नाही," असा तिचा हट्ट. दोन वाजता तिला घेरी आली. काकूने गूळपाणी पाजले आणि ओसरीवर नेऊन निजवले. मंगलाष्टके तिने आतूनच ऐकली. जिने ताईला न्हाऊमाखू घातले, वाढवले, तिच्या हातची अक्षता तेवढी ताईवर पडली नाही. मी कानपिळ्या होतो, मला नवा ड्रेस मिळाला, पण माझे लक्ष सगळे ओसरीकडेच.

आईचे तर काय सांगू. आलागेला बघता बघता ती पाच वाजता जेवायला बसली. बुंदी संपली होती. भात आणि आमटीचा तळ, एवढेच. लगेच पाठवणी.

खरे म्हणजे आमच्या घरचा आनंद आदल्या दिवशी हळदीलाच झाला. तेव्हा घरचीच माणसे होती. आत्या जात्यावरची गाणी म्हणत होत्या, अण्णांनी ताईला हळद लावली आणि तोंड फिरवून डोळे पुसले. माईक नव्हता, म्हणून ते सगळ्यांना दिसले.

मोठी माणसे म्हणतात, "चार लोकांत राहायचं म्हणजे मान द्यावा लागतो." मान द्यावा की! पण तो जेवणानंतर दिला तर नारळ काय नासतो? गुरुजींनी आम्हाला सांगितले, की महात्मा फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला त्या पद्धतीचे पहिले लग्न अगदी साधेपणाने लावले. आपल्याला निदान घड्याळ तरी पाळता येईल. परण्या अकरालाच निघावा. म्हाताऱ्या माणसांना आणि लहान पोरांना आधी दोन घास द्यावेत, त्याने देव रागावत नाही. आणि पहिल्या पंगतीत घरच्या बायका बसाव्यात. वाढायला आम्ही सातवीची मुले आहोत. १५ ऑगस्टला आम्ही साऱ्या शाळेला जिलेबी वाढतो, ताटे मोजूनही ठेवतो.

ताई पाचपरतावणाला आली तेव्हा आजीने पदराची गाठ सोडली. त्या दिवशीच्या अक्षता तिने जपून ठेवल्या होत्या. त्या तिने ताईच्या डोक्यावर टाकल्या आणि म्हणाली, "आता झालं बघ तुझं लगीन."

यंदा चुलत बहिणीचे लग्न आहे. परण्याच्या वेळेचे मी काकांना सांगितले, तर ते हसले. आजी मात्र हसली नाही. ती म्हणाली, "पोरगं बरोबर बोलतंय. पत्रिका छापायच्या आधी त्याला इचारा."

— एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी