शाल पुरे, आता पुरावा शोधा!

प्रजासत्ताकदिनी माजी सैनिकाला शाल-श्रीफळ देणाऱ्या हर्सूलकरांनो, त्याच्या पेटीतला अपंगत्व पेन्शनच्या नामंजुरीचा कागद तुम्ही कधी वाचला आहे का? आजार सैन्यसेवेमुळे झालेला नाही आणि सेवेत बळावलेलाही नाही, एवढ्यावर आयुष्याचा निकाल लागलेला असतो. भरतीच्या वेळी छाती, डोळे, कान तपासून, पळवून ज्याला धडधाकट ठरवले, त्यालाच पुढे आकडी येऊ लागली की दोष त्याच्या रक्ताचा!

कायदा असे सांगत नाही. सिग्नल कोअरचे धर्मवीर सिंग 1985 मध्ये भरती झाले. 1994 मध्ये अपस्मारामुळे 20 टक्के अपंगत्व ठरवून त्यांना घरी पाठवले आणि अपंगत्व पेन्शन नाकारली. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले: भरतीच्या नोंदीत आजार नसेल, तर तो सेवेमुळेच झाला असे धरावे, मेडिकल बोर्डाला तसे वाटत नसेल, तर त्याने कारणे द्यावीत, संशयाचा फायदा जवानाला मिळावा.

मग जवान गप्प का बसतो? आपण त्याला गप्प बसवतो म्हणून. ‘नशिबात नव्हतं’ असे शेजारी म्हणतात. ‘आता इतक्या वर्षांनी काय उपयोग?’ असे शिकलेला पुतण्या म्हणतो. हेही खोटे आहे. तरसेम सिंग 1983 मध्ये आजारामुळे सैन्यातून बाहेर पडले आणि थेट 1999 मध्ये न्यायालयात गेले. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची थकबाकी तीन वर्षांपुरती ठेवली, पण उशिरापायी हक्क बुडवला नाही.

म्हणून जुनी फाइल उघडा. रेकॉर्ड ऑफिसकडून मेडिकल बोर्डाचे कागद आणि नेमणुकांची नोंद मागवा; मिळत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. लष्करी रुग्णालयाची जुनी चिठ्ठी, सोबत्याचे प्रतिज्ञापत्र, आजच्या तज्ज्ञ डॉक्टरचा अहवाल जोडा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जवानासोबत जा. तिथे भागले नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ आहे. हे काम हर्सूलमधला कोणताही शिक्षक, वकील, पदवीधर करू शकतो. दहावी शिकून सीमेवर गेलेल्या माणसाने इंग्रजी नियमांच्या जंगलात एकट्याने का भटकावे?

ज्याने शरीर दिले, त्याच्याकडेच शरीर गेल्याचा पुरावा मागणारा समाज कृतघ्न आहे. आणि तो पुरावा शोधायला हात न लावणारा प्रत्येक शिकलेला माणूस त्या कृतघ्नपणाचा भागीदार आहे.