आधी कागद पाहा

चाल सुचणे ही प्रतिभा आणि ती वादकांसाठी स्वच्छ लिहून देणे ही कारकुनी, असे मानणारे रसिक आपल्यात उदंड आहेत. मी संगीतज्ञ नव्हे; मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर, फावल्या वेळी कादंबऱ्या लिहिणारा. पण या मताशी माझे जुने भांडण आहे.

आमच्या शाळेच्या संमेलनात एका संगीतकारांनी नृत्यनाटिका बसवली. व्हायोलिनचाच कागद त्यांनी क्लॅरिनेटवाल्या मुलाच्या हाती दिला. नेहमीच्या क्लॅरिनेटवर पांढरी एक वाचून फुंकली की निघते काळी पाच. म्हणून त्याचा कागद एक पूर्ण स्वर चढवून लिहावा लागतो. तो चढवला नव्हता. मुलगा लिहिलेले बिनचूक वाजवीत होता आणि सारे बेसूर होत होते. मी, त्याचा मास्तर, चारचौघांत त्याच्यावर ओरडलो. पोराने वाद्य पेटीत ठेवले ते पुन्हा काढलेच नाही. बँडमास्तरांनी मला कागदातली चूक दाखवली तेव्हा उशीर झाला होता.

ही काय कारकुनी? व्हायोलिनच्या सर्वांत खालच्या तारेपेक्षा खालचा सूर कागदावर कितीही डौलदार दिसो, वाद्यात तो नाहीच. बासरीवाल्याला श्वासाला जागा हवी. दोन्ही हात गुंतलेल्याने पान उलटायचे केव्हा? पान विश्रांतीच्या जागीच संपले पाहिजे. बर्लिओझने 1844 साली वाद्यलेखनावर जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. तो का कारकून होता?

‘आमचे गवई कागदावाचून गातात,’ असे कोणी म्हणेल. खरेच आहे. गुरूपुढे बसून शिकलेल्याला कागद कशाला? पण तीस जणांनी एकाच क्षणी निरनिराळे सूर लावायचे तर कागदच गुरू! हिंदी चित्रपटांच्या कित्येक चाली हार्मोनियमवर जन्मल्या. त्यांचे वाद्यवृंदासाठी कागद लिहिले ते सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोमंतकीयांनी. गोन्साल्विस हे नाव घरोघरी पोचले 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यामुळे. त्या कागदांची आठवण कोणी ठेवली?

या दिवाळीत चार मुले जमवून तुम्ही काही बसवणार असाल, तर लिहिण्यापूर्वी वाजवणाऱ्याला विचारा, ‘बाळ, हे तुला वाजवता येईल ना?’ आणि बेसूर ऐकू आलेच, तर आधी कागद पाहा. मुलाकडे मग.