जप्त केलेला वेताळ



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. तीन दिवस झोड लागली होती, गाढी नदी फुगली होती आणि आमच्या विचुंब्यातली मुलं शाळेला सुट्टी मिळाल्याने खुशीत होती. आमचे चिरंजीव (म्हणजे नातू, आठवीत आहे) सोफ्यावर आडवे पडून एक जाडसर पुस्तक वाचत होते. मी सहज बघितलं तर पुस्तक मागच्या पानावरून उघडलेलं.

"अरे, उलटं वाचतोयस!"

"आजी, हे जपानी आहे. मांगा. हे उजवीकडून डावीकडे वाचतात."

मी चष्मा लावून शेजारी बसले. पंधरा मिनिटं काही उमगलं नाही. शिकवायला बसला तोच. कुठल्या चौकटीवरून कुठे जायचं, कुठे थांबायचं, कुठला फुगा आधी वाचायचा. मग म्हणाला, "हे 'वन पीस' आहे. एइचिरो ओडा काढतो. १९९७ पासून चालू आहे." दुसरं पुस्तक दाखवलं, त्याचा चित्रकार वेगळा; त्याची रेघ कशी वेगळी तेही सांगितलं. आणि सहज विचारलं, "आजी, तू लहानपणी जी कॉमिक्स वाचायचीस ती कोण काढायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. तेहतीस वर्षं मी मुलांना मराठी आणि इतिहास शिकवला. कुठल्या कादंबरीचा लेखक कोण हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण ज्या चित्रांनी माझं बालपण भरलं होतं त्यांतल्या एकाही चित्रकाराचं नाव मला ठाऊक नव्हतं!

हे मनाला लागलं. का लागलं, ते नीट सांगायचं तर मला माझी एक जुनी चूक कबूल करावी लागेल.

पण आधी माझ्या दोन वेताळांबद्दल. पहिला चांदोबातला. मराठीत 'चांदोबा' १९५२ साली निघाला, म्हणजे मी आणि तो जवळजवळ बरोबरीने वाढलो. विक्रम राजा, खांद्यावर प्रेत, हातात तलवार, मागे स्मशान. ते चित्र दर अंकात यायचं आणि दर अंकात मी त्यात काहीतरी नवं शोधायची. दुसरा वेताळ आला १९६४ नंतर, इंद्रजाल कॉमिक्समधून. जांभळ्या कपड्यांतला, डोळ्यांवर मुखवटा, बोटात कवटीची अंगठी. मूळ अमेरिकेतला फँटम, ली फॉक यांनी १९३६ साली निर्माण केलेला. आपल्याकडे त्याचा वेताळ झाला. मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची. माझ्या थोरल्या भावाने तो आणला, तेव्हा मला वाटलं की हाच आपला चांदोबातला वेताळ, झाडावरून उतरून आफ्रिकेत गेला असेल! भाऊ आठवडाभर हसत होता. (दादा, वाचत असशील तर आता पुरे.)

आमच्या घरी 'चांदोबा'ला मान होता, इंद्रजालला नव्हता. चांदोबा म्हणजे संस्कार, कॉमिक म्हणजे थिल्लर. वडील असं म्हणायचे, शाळेत गुरुजी असं म्हणायचे आणि पुढे मी शिक्षिका झाल्यावर मीही तेच म्हणू लागले. कोणी शिकवावं लागलं नाही.

आता ती चूक. साल १९८३ च्या आसपास असेल. रायगड जिल्ह्यातल्या एका शाळेत मी सातवीला शिकवत होते. इतिहासाचा तास. शेवटच्या बाकावर एक मुलगा पुस्तकात इतका बुडाला होता की मला शंका आली. इतिहासाच्या पुस्तकात इतकं कोणी बुडत नाही हे मलाही ठाऊक होतं. जाऊन बघितलं तर आत इंद्रजाल कॉमिक. वर्गासमोर त्याला उभं केलं, चार शब्द सुनावले, पुस्तक जप्त केलं आणि स्टाफरूमच्या कपाटात टाकलं. तिथे अशी दहा-बारा आधीच होती. वर्षाअखेरीस ती सगळी रद्दीत गेली.

इतकंच असतं तर ते मी विसरूनही गेले असते. पण खरी गंमत पुढे आहे. दुसऱ्या दिवशी ऑफ तासाला मी ते कॉमिक कपाटातून काढलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग शेजारच्या बाईंनीही वाचलं. चहा पितापिता आम्ही दोघींनी वेताळाबद्दल गप्पासुद्धा मारल्या. आणि घंटा झाल्यावर पुन्हा वर्गात जाऊन "अवांतर वाचन कसं असावं" हे सांगितलं. मंडळी, याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा.

तो मुलगा मला सात-आठ वर्षांपूर्वी पनवेलच्या बाजारात भेटला. नाव लिहीत नाही, त्याची परवानगी घेतलेली नाही. केस पिकायला लागलेले. "बाई, ओळखलंत का?" म्हणून वाकून नमस्कार केला. दुकानांच्या पाट्या आणि ट्रकच्या मागची चित्रं रंगवायचा. फ्लेक्स आले आणि तो धंदा बसला, आता झेरॉक्सचं दुकान आहे म्हणाला. बोलता बोलता त्या जप्तीचा विषय त्यानेच काढला. हसत हसत.

"बाई, ते पुस्तक माझं नव्हतं. टपरीवरून भाड्याने आणलं होतं. परत दिलं नाही म्हणून टपरीवाल्याने पूर्ण किंमत भरायला लावली. महिनाभर त्याच्याकडे बाटल्या धुतल्या."

मी गप्प. मग म्हणाला, "आणि गोष्ट मी आधीच वाचलेली होती. वेताळाच्या डोळ्यांत बुबुळं नसतात ना, नुसते पांढरे असतात. तरी तो कुठे बघतोय ते कळतं. ते कसं काय, ते बघत होतो."

सात-आठ वर्षं झाली, पण ते वाक्य डोक्यातून जात नाही. मी ज्याला थिल्लर वाचन समजून जप्त केलं तो त्याचा अभ्यास होता. मान किती वळवली, खांदा कुठे झुकला, यावरून नजर दाखवायची हे बारा वर्षांचं पोर स्वतःहून शोधत होतं. आमच्या चित्रकलेच्या तासाला त्याला काय मिळत होतं? एक तर तो तास गणिताचे सर घेऊन टाकायचे. आणि झालाच तर फुलदाणी, टेबलावरचं फडकं आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी. त्या परीक्षा वाईट नाहीत, पण माणूस एका क्षणातून दुसऱ्या क्षणात कसा जातो हे त्यांत कुठेच नाही.

आता नातवाच्या प्रश्नाकडे येते. मी हट्टाला पेटले आणि नावं शोधली. जे सापडलं त्याने थक्क झाले.

अमर चित्र कथा १९६७ साली अनंत पै यांनी सुरू केली हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. दिल्लीत दूरदर्शनवरच्या प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवांची माहिती होती पण रामाच्या आईचं नाव येईना, त्यातून ही कल्पना सुचली, असं ते सांगत. पण चित्रं कोणी काढली? 'कृष्ण' राम वाईरकरांनी. 'शिवाजी' प्रताप मुळीकांनी, आणि त्याचं लेखन कोणाचं असेल? आपल्या फास्टर फेणेच्या भा. रा. भागवतांचं! म्हणजे ज्यांची पुस्तकं मी आदराने वर्गात वाचून दाखवत होते त्यांनीच लिहिलेला प्रकार मी थिल्लर म्हणून कपाटात कोंडत होते. १९८० साली 'टिंकल' निघालं. त्यातला सुप्पंडी पुन्हा वाईरकरांचा, शिकारी शंभू वसंत हळबे यांचा, कालिया कावळा प्रदीप साठे यांचा. हिंदीत ज्या नागराजाने १९८६ पासून पोरांना वेड लावलं, त्याच्याही सुरुवातीच्या अंकांची चित्रं मुळीकांची.

वाईरकर, मुळीक, हळबे, साठे. ही नावं वाचताना मला माझ्या हजेरीपटावरची नावं वाचल्यासारखं वाटलं. देशभरच्या मुलांच्या मनात कृष्ण कसा दिसतो, शिवाजी महाराज घोड्यावर कसे बसतात, हे यांच्या हातांनी ठरवलं. आणि आपल्या मराठी घरांत यांतलं एक तरी नाव कितीजणांना ठाऊक आहे? बंगाली माणसाला 'बांटुल द ग्रेट'च्या नारायण देबनाथांचं नाव सांगावं लागत नाही. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०२२ च्या जानेवारीत ते गेले तेव्हा बंगालने घरचं माणूस गेल्यासारखं दुःख केलं. आपण पु. लं.चं वाक्य न् वाक्य पाठ म्हणतो, पण चित्राखालची सही वाचत नाही.

असं का झालं असावं? माझं मत सांगते. पहिलीच्या पुस्तकात आपण 'चित्रवाचन' शिकवतो. चित्र बघ आणि सांग. दुसरी-तिसरीत अक्षरं पक्की झाली की चित्रवाचन बंद! जणू चित्र म्हणजे पांगुळगाडा. चालता आलं की माळ्यावर टाकायचा. मोठं होणं म्हणजे चित्राशिवाय वाचणं, असं आपण मुलांच्या मनावर बिंबवतो आणि स्वतःच्याही. शि. द. फडणीसांनी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत चित्रं काढली तेव्हा रडणारी पोरंही पुस्तक उघडायला लागली, हे मी वर्गात डोळ्यांनी पाहिलं आहे. फडणीसांच्या हास्यचित्रांना तर बहुधा शब्दच नसतात. तरी ती 'वाचावी' लागतात, नीट वाचली नाहीत तर हसू येत नाही. म्हणजे वाचन तिथेही आहेच, फक्त आपण त्याला वाचन म्हणत नाही. २०२५ च्या जुलैत त्यांना शंभर वर्षं पूर्ण झाली. आपण त्यांना मान दिला, पण त्यांच्या वाटेने जाऊ पाहणाऱ्या पोराच्या हातातलं पुस्तक मात्र काढून घेतलं.

नातवाने मला आणखी एक गोष्ट शिकवली. दोन चौकटींच्या मधली जी पांढरी पट्टी असते ना, तिथे गोष्ट घडते. एका चौकटीत उगारलेला हात, पुढच्या चौकटीत फुटलेली खिडकी. दगड कोणी काढलाच नाही, तो आपण मनात फेकलेला असतो! कादंबरीत लेखक सगळं सांगू शकतो. इथे निम्मं काम वाचकाचं. मग हे आळशी माणसाचं वाचन कसं?

याचा अर्थ कॉमिकमध्ये असेल ते सगळं चांगलं, असं मी म्हणत नाही. वेताळच घ्या. एक गोरा माणूस पिढ्यान् पिढ्या जंगलात राहून काळ्या लोकांचं रक्षण करतो आणि ते त्याला अमर समजतात. आज वाचताना हे खटकतं आणि खटकायलाच हवं. अमर चित्र कथेतही देव उजळ आणि राक्षस काळेकुट्ट, बायका एका साच्यातून काढल्यासारख्या. नातवाच्या मांगातली मारामारी मला अजूनही अती वाटते, आणि त्यावर आमचं रोज भांडण होतं. पण हे भांडण होण्यासाठीसुद्धा आधी शेजारी बसून वाचावं लागतं. जप्त केल्यावर भांडण होत नाही. मूल पुढच्या वेळी फक्त जास्त शिताफीने लपवतं.

माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणींना म्हणूनच विनंती आहे. शाळेच्या ग्रंथालयात एक कप्पा चित्रकथांचा ठेवा. बालभारतीच्या 'किशोर'चे १९७१ पासूनचे अंक आता संगणकावर बघायला मिळतात, ते मुलांबरोबर चाळा आणि गोष्टीच्या लेखकाबरोबर चित्रकाराचं नावही मोठ्याने वाचा. घरी कोणी पोर चौकटी आखून काही काढत असेल तर "अभ्यास झाला का?" हा प्रश्न पाच मिनिटं उशिरा विचारा. एवढंच.

आणि हो, ते कर्ज. गेल्या महिन्यात पनवेलला गेले तेव्हा त्या झेरॉक्सच्या दुकानात शिरले. जुन्या पुस्तकवाल्याकडे फिरून वेताळाचं एक इंद्रजाल मिळवलं होतं. कोपरे कुरतडलेलं आणि मूळ किमतीच्या कितीतरी पट महाग. तेच ते जप्त केलेलं अर्थातच नव्हतं. त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, "उशीर झाला, पण हे घे."

त्याने ते हातात घेतलं, एक पान उघडलं, आणि गिऱ्हाईक उभं असताना दोन मिनिटं नुसतं बघत राहिला. मग झेरॉक्ससाठी आलेला एक कोरा कागद ओढला, बॉलपेनने चार रेघा मारल्या. मुखवटा, पांढरे डोळे, किंचित वळलेली मान.

"सांगा बाई, कुठे बघतोय?"

"माझ्याकडे," मी म्हटलं.

तो कागद माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. खाली त्याला सही करायला लावली आहे.