छातीत काहीतरी होतंय!

गेल्या दोन वर्षांत मला हृदयविकाराचे निदान सहा तरी सौम्य झटके येऊन गेले. वैद्यकशास्त्र यांतला एकही मानायला तयार नाही, ही गोष्ट वेगळी!

पहिला झटका आला तो श्रीखंड-पुरीच्या जेवणानंतर. रात्री अकराच्या सुमाराला छातीवर कोणीतरी पाटा ठेवल्यासारखे वाटू लागले. त्याच्या आदल्याच महिन्यात आमच्या कचेरीतले एक सहकारी सकाळी दाढी करता करता गेले होते. तेव्हापासून आम्ही सारेच डावा हात चाचपीत हिंडत होतो. मी मनगट धरून नाडी मोजली. शहाण्णव भरली. शहाण्णव या आकड्याची मला इतकी धास्ती वाटली, की दुसऱ्यांदा मोजली तेव्हा ती एकशेआठ झाली. सौ.ला हाक मारली. तिने ओवा दिला, पाठीवरून हात फिरवला आणि पहाटेपर्यंत उशाशी बसून राहिली. सकाळी मी ठणठणीत! "सौम्य झटका होता," मी चहा पिता पिता जाहीर केले.

पुढचे पाच झटके याच धर्तीचे. दर वेळी ओवा, दर वेळी जागरण. डॉक्टरांकडे जायचे मात्र मी टाळीत होतो. झटका नाही असे निघाले तर हसे होणार, आणि आहे असे निघाले तर मग बोलायलाच नको! आपण मध्यमवर्गीय माणसे मरणाला भितो त्याहून अधिक फजितीला भितो.

शेवटी यंदाच्या ज्येष्ठात सौ.ने मला जवळजवळ ओढतच खाली नेले. आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर डॉक्टरांचा दवाखाना आहे. कार्डिओग्राम झाला, पुढे मोठ्या दवाखान्यात पळत्या पट्ट्यावर चालवून झाले, रक्त तपासून झाले. सगळे कागद घेऊन आम्ही दोघे पुन्हा डॉक्टरांपुढे बसलो. त्यांनी ते शांतपणे पाहिले आणि म्हणाले, "हृदय उत्तम आहे. या कार्डिओग्रामच्या यंत्रासाठी हॉलंडच्या आइंटहोव्हेन यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांच्या पहिल्या यंत्रासाठी रोग्याला हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावं लागे. त्या काळी तुम्ही असता, तर लोणच्यासारखे दिवसभर खाऱ्या पाण्यातच राहिला असता!"

"म्हणजे माझं दुखणं खोटं?" मी दुखावून विचारले.

"छे! दुखणं अगदी खरं. फक्त ते हृदयाचं नाही. जठरातलं आम्ल अन्ननलिकेत वर चढतं. अन्ननलिका आणि हृदय यांच्या संवेदना मज्जारज्जूच्या जवळजवळ एकाच भागात पोचतात, त्यामुळे तक्रार कोणाची हे मेंदूलाही नीट उमजत नाही. त्यात तुम्ही घाबरून भराभरा श्वास घेता आणि छाती अधिकच आवळते."

मग ते जरा गंभीर झाले. "पण उद्या वेगळं काही वाटलं तर ओव्यावर भागवू नका. विल्यम हेबर्डन या इंग्रज डॉक्टरने १७६८ साली या विकाराचं वर्णन करून ठेवलंय. चालताना, विशेषतः चढावर किंवा जेवणानंतर आवळल्यासारखं होतं; माणूस उभा राहिला की जातं. अडीचशे वर्षं झाली, पण खूण तीच आहे."

सौ. हे ऐकत होती. एरवी अशा वेळी ती दहा प्रश्न विचारते. त्या दिवशी एकही विचारला नाही.

आम्ही जिना चढू लागलो. सुटकेच्या आनंदात मी पुढे. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मागे वळून पाहिले, तर ती कठडा धरून उभी. तशी ती तिथे रोजच थांबे. शेजारच्या वहिनींशी बोलायला थांबते, असे मी समजत आलो होतो. त्या दिवशी वहिनींचे दार बंद होते.

"काय गं, का थांबलीस?"

"काही नाही हो. जरा गळ्यापासून जबड्यापर्यंत आवळल्यासारखं होतं. थांबलं की जातं."

"केव्हापासून?"

"पाडव्यापासून असेल."

अडीच महिने! सहा झटक्यांची दवंडी पिटणाऱ्या माझ्या छातीत धस्स झाले, आणि या वेळी ते पित्त नव्हते.

तिचा बसल्या जागचा कार्डिओग्राम अगदी स्वच्छ आला. चालवून पाहिले तेव्हा मात्र डॉक्टरांनी पट्टा मध्येच थांबवला. एक रक्तवाहिनी पुष्कळच अरुंद झाली होती. आषाढात ती रुंद करून आत जाळीची नळी बसवली. रुग्णालयात मी तिला विचारले, "इतके दिवस बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "घरात एकाच वेळी दोन दोन हृदयरोगी कसे परवडणार?"

यावर मला आजही उत्तर सुचलेले नाही.

डॉक्टरांनी त्या वेळी सांगितलेल्या चार गोष्टी वाचकांसाठी लिहून ठेवतो. बायकांना छातीत दुखतेच. पण कित्येकींना त्याऐवजी धाप, मळमळ, पाठीत वा जबड्यात कळ, नाही तर कारण नसता थकवा एवढेच जाणवते. मधुमेह असला तर कधी दुखतही नाही. दडपण बसल्या जागी आले, घाम फुटला, काही मिनिटांत ओसरले नाही, तर ओवा शोधू नये; १०८ क्रमांक फिरवून रुग्णालय गाठावे. पहिला कार्डिओग्राम निर्दोष आला तरी काही तासांनी तो आणि ट्रोपोनिन नावाची रक्ततपासणी पुन्हा करावी लागते. आणि 'सौम्य' हे विशेषण डॉक्टरांनी तपासण्यांनंतर लावायचे असते. आपण घरी चहा पिता पिता नव्हे. हृदयाचा जो स्नायू एकदा मरतो, तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

यंदा चकलीची भाजणी गिरणीतून मी दळून आणली. सोऱ्यादेखील मीच फिरवतो आहे. चकल्यांना काटे येत नाहीत, अशी सौ.ची तक्रार आहे. पिशव्या मी उचलतो, आणि ती रोज सावकाश, पण न थांबता तिसरा मजला चढते. तरी दुसऱ्या वळणावर मीच क्षणभर थांबतो आणि वळून पाहतो.

"काय झालं? छातीत काही होतंय का?" ती विचारते.

"हो," मी म्हणतो, "पण ते सौम्य आहे."