मे महिन्यातलं पाणी आणि आपली चकाचक गाडी

रत्नागिरीत मे महिना आला की दोन गोष्टी एकदमच वाढतात. एक पाण्याची टंचाई आणि दुसरी रस्त्यावरच्या गाड्या. आंब्याच्या पेट्या घेऊन निघालेले टेम्पो, मुंबईहून आलेले चाकरमानी, गणपतीपुळ्याला चाललेले पर्यटक, लग्नाची वऱ्हाडं... या सगळ्या गाड्या घाटातली धूळ आणि आपली तांबडी माती अंगावर घेऊन फिरतात आणि कुठल्या ना कुठल्या वॉशिंग सेंटरवर धुतल्या जातात. नेमक्या त्याच दिवसांत शीळ धरणातलं पाणी खाली गेलेलं असतं, शहरात पाणीकपातीची चर्चा चालू असते आणि डोंगरावरच्या वाड्या टँकरची वाट बघत असतात.

बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. वर्षाला सरासरी 3,000 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात टंचाई कसली? पण आपल्याला माहीत आहे. उतार तीव्र, समुद्र जवळ आणि खाली सच्छिद्र जांभा. जून ते सप्टेंबर पडलेलं पाणी थांबतच नाही. म्हणून आपल्याकडे पाण्याचा प्रश्न वर्षाचा नसतो, शेवटच्या तीन महिन्यांचा असतो. त्या तीन महिन्यांत वाचलेल्या प्रत्येक बादलीची किंमत वेगळी असते.

आता साधा हिशोब करू. समजा एका वॉशिंग सेंटरवर दिवसाला 20 गाड्या येतात आणि एका गाडीला 200 लिटर पाणी लागतं. ट्रक किंवा बस असेल तर त्याहून जास्त. म्हणजे दिवसाला 4,000 लिटर. यातलं 70 टक्के पाणी पुन्हा वापरता आलं, तर रोज 2,800 लिटर वाचतात. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी 55 लिटरचा निकष ठरवला आहे. त्या मापाने हे 50 माणसांचं रोजचं पाणी झालं. एका सेंटरवर एक छोटी वाडी!

70 टक्के हा आकडा हवेतला नाही. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात संशोधकांनी चालू कार वॉशवर अशी यंत्रणा बसवून बघितली. 2011 मध्ये त्यांनी मांडलेल्या निष्कर्षांनुसार जवळपास 70 टक्के पाणी परत वापरता आलं आणि एका गाडीला 40 लिटरपेक्षाही कमी ताजं पाणी लागलं. लांब कशाला जायचं? आपल्या रेल्वेने अनेक डेपोंमध्ये डबे धुण्याचे स्वयंचलित प्लांट बसवले आहेत. त्यांत सुमारे 80 टक्के पाणी पुनर्वापराचं असतं आणि 20 टक्के ताजं. रेल्वेला जे जमतं ते एसटीच्या आगारांना, कंपन्यांच्या बस धुणाऱ्यांना आणि ट्रान्सपोर्टवाल्यांना का जमू नये?

यंत्रणा समजायला इंजिनिअर असण्याची गरज नाही. रॅम्पवरचं पाणी उताराने एका टाकीत घ्यायचं. तिथे वाळू-माती खाली बसते. पुढच्या कप्प्यात तेल आणि ग्रीस वर तरंगतं, ते काढून घ्यायचं. मग तुरटीसारखं रसायन टाकून गाळ बसवायचा, पाणी वाळूच्या आणि कार्बनच्या फिल्टरमधून सोडायचं, क्लोरिन घालायचं आणि पंपाने पुन्हा पाइपला द्यायचं. चाकं, चासी, पहिला मारा, फोम हे सगळं या पाण्यावर होतं. शेवटचा हात तेवढा ताज्या पाण्याचा. त्यामुळे "माझी गाडी घाण पाण्याने धुणार का?" या शंकेलाही उत्तर मिळतं.

आपल्याकडे दोन गोष्टींची काळजी मात्र जास्त घ्यावी लागेल. तांबड्या मातीचे कण इतके बारीक असतात की नुसतं पाणी साठवून ते लवकर बसत नाहीत, तुरटीची पायरी टाळून चालणार नाही. दुसरी गोष्ट मिठाची. मिरकरवाड्याहून येणाऱ्या मासळीच्या गाड्यांचं पाणी खारट असतं. वाळूचा फिल्टर मीठ काढत नाही. तेच पाणी फिरत राहिलं तर गाडीचा पत्रा गंजेल. म्हणून या गाड्यांचं पहिलं पाणी वेगळं काढायला हवं आणि साठ्यातलं थोडं पाणी ठरावीक दिवसांनी बदलायला हवं. दुसऱ्या शहरातली यंत्रणा जशीच्या तशी आणून इथे बसवली तर ती फसेल.

पाणी वाचतं हा एक फायदा. दुसरा फायदा आपल्या विहिरींचा आहे. आज बऱ्याच ठिकाणी गाडी धुतल्यावर तेलकट, साबणाचं पाणी सरळ गटारात किंवा शेजारच्या पऱ्यात जातं. जांभ्यातून ते झिरपायला किती वेळ लागणार? अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते की गाडीच्या एका ऑइल चेंजमधलं वापरलेलं तेल 10 लाख गॅलन गोडं पाणी खराब करू शकतं. पुनर्वापराच्या यंत्रणेत हे तेल आधी वेगळं काढावंच लागतं. तो तेलकट गाळ कुठेतरी फेकून न देता घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे अधिकृत ठिकाणी द्यायला हवा, हेही तितकंच महत्त्वाचं.

"छोट्या धंद्यावर आणखी एक खर्च" हा आक्षेप खरा आहे. अनेक सेंटर आपल्याच वयाची मुलं कर्ज काढून चालवतात. पण दुसरा पर्याय काय आहे तेही बघा. मार्च 2024 मध्ये बंगळुरूत पाणी आटलं, तेव्हा तिथल्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचं पाणी गाड्या धुवायला वापरण्यावर बंदी घातली आणि 5,000 रुपये दंड ठेवला. संकट आलं की पहिला घाव वॉशिंगवाल्यावरच पडतो. ज्याच्याकडे स्वतःचं फिरतं पाणी आहे, त्याचा धंदा मे महिन्यातही चालतो आणि टँकरचा खर्चही वाचतो.

त्यामुळे नुसती सक्ती नको, सोबत हातभारही हवा. नगरपरिषदेने नव्या सेंटरला परवानगी देताना गाळाची टाकी आणि पुनर्वापर ही अट घालावी. जुन्यांना वर्ष-दोन वर्षांची मुदत आणि घरपट्टी-पाणीपट्टीत सवलत द्यावी. आणि सुरुवात सरकारी गाड्यांपासून करावी, म्हणजे इतरांना बोट दाखवायला जागा राहणार नाही.

आपल्या कॉलेजांचं काय? शासकीय तंत्रनिकेतन आणि फिनोलेक्स अकॅडमीतल्या फायनल इयरच्या मुलांना प्रोजेक्टला विषय हवाच असतो. एका वॉशिंग सेंटरसाठी कमी खर्चाची टाकी डिझाइन करा. गोगटे-जोगळेकरच्या केमिस्ट्रीवाल्यांनी त्या पाण्यातलं मीठ, तेल आणि गढूळपणा तपासावा. कॉलेजच्या कपाटात धूळ खाणाऱ्या फाइलपेक्षा असा प्रोजेक्ट जास्त मार्कांचा आहे. आणि ज्यांचा सायन्सशी संबंध नाही, त्यांच्यासाठीही एक काम आहे. पुढच्या वेळी बाइक धुवायला टाकाल तेव्हा मालकाला एवढंच विचारा, "दादा, हे पाणी जातं कुठे?" दहा गिऱ्हाइकांनी हा प्रश्न विचारला, तर अकराव्याच्या आधी तो टाकीचा विचार करायला लागेल.