खंदकातला माणूस उठून पळत नाही

गेल्या रविवारी खंदकात बसलेली माझी अख्खी प्लाटून दोन मिनिटांत पटावरून उठली. हरल्याचं दुःख नाही, सत्तरी उलटल्यावर हरायची सवय होते. पण ती ज्या रीतीने उठली ती रीत साफ खोटी आहे, आणि खोटा इतिहास दिसला की माझ्यातला मास्तर अजून जागा होतो.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जेवणाच्या टेबलावर पिवळसर कापड अंथरायचं, म्हणजे झालं लिबियाचं वाळवंट. त्यावर 15 मिलिमीटर उंचीचे रंगवलेले सैनिक, त्याच मापाचे रणगाडे, मोजपट्टी आणि मूठभर फासे. माझा प्रतिस्पर्धी म्हणजे माझाच एक जुना विद्यार्थी. आम्ही वापरतो ते नियमपुस्तक जगभर खेळलं जातं. नाव घेत नाही, कारण बाकी बाबतीत मी त्याचा ऋणी आहे.

तर त्यातला नियम असा. रणगाडा खंदकापासून चार इंचांच्या आत आला की हल्ला जाहीर करायचा. बचाव करणाऱ्याने काय गोळीबार करायचा तो करून घ्यावा. त्यातून रणगाडा वाचला तर तो खंदकाला भिडतो, फासा टाकतो, आणि लागला की सैनिकांचा एक गट सरळ उचलायचा. एरवी गोळीबारात खंदकाचा जो आडोसा मिळतो तो इथे बाद. मग उरलेल्यांच्या हिमतीचा फासा. तो फसला की सगळ्यांनी खंदक सोडून मागे पळायचं, आणि खंदक रणगाड्याचा.

रणगाड्याचा कसा? आत चार-पाच माणसं, बाहेर बघायला चिंचोळ्या फटी, आणि नळी इतकी खाली वाकत नाही की पायाशी बसलेला माणूस टिपता यावा. त्यांच्यातला एकही जण खाली उतरलेला नाही, आणि खंदक म्हणे जिंकला!

आम्ही मांडलेला डाव टोब्रुकचा होता, म्हणून तिथलंच उदाहरण घेऊ. 14 एप्रिल 1941, ईस्टरचा सोमवार. पहाटे जर्मन रणगाडे ऑस्ट्रेलियन पायदळाची फळी फोडून आत घुसले. ऑस्ट्रेलियनांची ठाणी इटालियनांनी आधीच बांधून ठेवलेली होती, जमिनीच्या पातळीला सपाट, काँक्रीटची. तिथल्या सैनिकांनी काय केलं? माना खाली घातल्या आणि रणगाडे जाऊ दिले. मागून जर्मन मशीनगन बटालियन आली तेव्हा माना वर काढल्या. पुढे गेलेल्या रणगाड्यांना ब्रिटिशांच्या 25 पौंडी तोफांनी समोरासमोर गाठलं. आत शिरलेल्या 38 रणगाड्यांपैकी 17 गेले. मागच्या बटालियनची दाणादाण उडाली, तिचा प्रमुख पोनाथ मारला गेला. ठाणी ऑस्ट्रेलियनांकडेच राहिली.

आमच्या नियमपुस्तकात हे घडणं शक्य नाही. रणगाडा अंगावर आल्यावर मान खाली घालून बसण्याची मुभाच त्यात नाही. लढा, नाहीतर पळा.

विद्यार्थी म्हणाला, "सर, पण कॅम्ब्रे?" प्रश्न चांगला होता. शाळेत असता तर शाबासकी दिली असती. 20 नोव्हेंबर 1917 ला ब्रिटिशांनी कॅम्ब्रेला 476 रणगाडे आणले आणि जर्मनांची हिंडेनबर्ग फळी फोडली, हे खरंच. पण कशी? रुंद खंदकांत टाकायला प्रत्येक लढाऊ रणगाड्याच्या डोक्यावर फांद्यांची जाडजूड मोळी होती. तारा चिरडायचं काम रणगाड्याचं, मागोमाग येऊन खंदक साफ करायचं काम पायदळाचं. फ्लेस्किएरला ही जोडी तुटली, पायदळ मागे राहिलं, आणि तिथेच हल्ला अडला. पहिल्या दिवशी 179 रणगाडे निकामी झाले. त्यांतले शत्रूच्या माऱ्याने 65, बाकीचे यंत्र बिघडून किंवा खड्ड्यात रुतून. आमच्या पटावर रणगाडे पायदळ सोडून सुसाट जातात, आणि शाबासकी मिळवतात.

भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. डोक्यावरून तीस टन लोखंड जाताना माणसाचं काय होत असेल याची कल्पना मला घरात बसून करता येणार नाही. म्हणूनच तर रशियन सैन्यात नव्या पोरांना खंदकात बसवून वरून रणगाडा नेण्याचा सराव देत. म्हणजे न पळणं ही शिकायची गोष्ट होती, आणि लाखोंनी ती शिकली. नियमात हिमतीचा फासा हवाच. पण तो फसला की पळ, आणि जमला तर गप बसून राहा, असा हवा.

"सगळं खरं धरलं तर एक रविवार पुरणार नाही, सर," हे त्याचं शेवटचं अस्त्र. मान्य, खेळ आटोपशीर हवाच. एच. जी. वेल्सचंच बघा. 1903 साली खंदक ओलांडणाऱ्या लोखंडी गाड्यांची गोष्ट लिहिणारा हा माणूस, 1913 साली खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम लिहिताना त्या गाड्या बाहेर ठेवतो! पण आटोपशीर करताना काय गाळावं याला काही धरबंध? तुम्ही नेमका खंदकच गाळलात. त्याची दहा वर्षांची मुलगी शेजारी बसून सगळं बघत होती. माझे सैनिक उचलल्यावर तिने विचारलं, "आजोबा, मग त्यांनी एवढा खंदक खणला कशाला?" त्या पुस्तकात याला उत्तर नाही.

मी एक कागद लिहून त्याला दिला आहे. रणगाडा खंदकावरून गेला तर तो पलीकडे जाऊन थांबेल. सैनिक जागेवरच राहतील. शत्रूचं पायदळ आत उतरेपर्यंत खंदक कुणाच्याही नावावर होणार नाही. आणि पायदळाशिवाय खंदकाला खेटून थांबलेल्या रणगाड्यावर सैनिकांनी उलट हल्ला करायचा, एका फाशाऐवजी दोन फाशांनी. त्याने कागद वाचला, घडी करून खिशात घातला आणि म्हणाला, "बघू." येत्या रविवारी जर्मन बाजू मी घेणार आहे.