सैंधवही मीठच



मागील अंकातल्या रक्तदाबावरील पत्रात भरितातल्या हिरव्या मिरचीवर उगाच आळ घेतला आहे. दाब वाढवते ते मिठातले सोडियम. पत्रलेखकाने सुचवलेल्या सैंधवातही तेच असते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमहून कमी, म्हणजे जेमतेम सपाट चमचाभर मीठ. आपल्या शेवभाजीत शेवेचे मीठ वेगळे, रश्शाचे वेगळे. वर उडदाचा पापड, त्यात मीठ आणि पापडखार, म्हणजे पुन्हा सोडियम. कळण्याच्या दळणात तर बहुतेक घरी खडे मीठ आधीच पडलेले असते!

‘दाब उतरला की गोळी सोडावी’ हा त्याच पत्रातला सल्ला मात्र घातक आहे. दाब उतरलेला दिसतो तो गोळीमुळेच. मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा 45 अंशांकडे सरकतो, तेव्हा लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्याला चक्कर येऊ शकते, हे खरे. पण मात्रा बदलायची ती डॉक्टरांनी. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाब मोजून मिळतो. पाच मिनिटे पाठ टेकून बसावे, मग मोजावा, एस.टी.तून उतरल्या उतरल्या घेतलेला आकडा धरू नये.

– एक वाचक, अमळनेर